एंट्रॉपी वाढेल की घटेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या थर्मोडायनॅमिक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो: अमुक क्रियेत एंट्रॉपी वाढेल, घटेल की तशीच राहील? उत्तर एका शब्दाचं, म्हणून मुलं ते पाठ करतात. घनाचा द्रव झाला की वाढते, वायूचा द्रव झाला की घटते. हे पाठांतर काही दिवस पुरतं आणि कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवायची वेळ आली की अडतं. सांगली, मिरज, तासगाव भागातले विद्यार्थी जे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. जमेल तिथे उदाहरणं आपल्या भागातली घेतली आहेत, कारण बेदाण्याच्या शेडमध्ये एंट्रॉपीचा जो हिशेब दिसतो, तो पुस्तकातल्या पिस्टनपेक्षा जास्त शिकवतो असं माझं ठाम मत आहे.

एंट्रॉपी म्हणजे आपण नेमकं काय मोजतो?

बाहेरून एकच दिसणाऱ्या स्थितीच्या आत, रेणूंच्या जागांच्या आणि त्यांच्यात वाटल्या गेलेल्या ऊर्जेच्या किती वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत, ते.

एक डबा घ्या, मनातल्या मनात त्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग करा, आणि आत चार रेणू सोडा. प्रत्येक रेणू डावीकडे असेल किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण १६ मांडण्या. त्यातल्या 'चारही डावीकडे' अशी मांडणी फक्त १ आहे. 'दोन इकडे, दोन तिकडे' अशा मांडण्या ६ आहेत. चार रेणूंचा खेळ असेल तर सगळे डावीकडे जमलेले अधूनमधून दिसतीलही. पण एका मोलमध्ये रेणू किती? सहावर तेवीस शून्यं, इतके. तिथे सगळे एका बाजूला जमण्याची वाट बघण्यात अर्थ उरत नाही. वायू पसरतो तो कुणी ढकलतं म्हणून पसरत नाही. पसरलेल्या मांडण्या अफाट संख्येने जास्त आहेत, एवढंच कारण.

लुडविग बोल्ट्झमन यांनी हा संबंध दाखवला: एंट्रॉपी म्हणजे मांडण्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले एक स्थिरांक. व्हिएन्नातल्या त्यांच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेलं आहे. त्याआधी रुडॉल्फ क्लॉसियस यांनी रेणू न मोजता, उष्णता आणि तापमान यांच्या वाटेने ही राशी मांडली होती आणि १८६५ साली तिला एंट्रॉपी हे नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत एंट्रॉपीतला बदल म्हणजे प्रत्यावर्ती मार्गाने, म्हणजे कुठल्याही टप्प्यावर उलट फिरवता येईल इतक्या सावकाश, दिलेली उष्णता भागिले केल्विनमधलं (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमान. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. अंदाज बांधायला बोल्ट्झमनची वाट सोपी, आकडा काढायला क्लॉसियसची.

प्रश्न वाचल्यावर सुरुवात कुठून करायची?

आधी हद्द आखा. कुणाची एंट्रॉपी विचारली आहे? बर्फाची, बर्फ आणि ग्लासातल्या पाण्याची मिळून, की खोलीसकट सगळ्याची? निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. 'एंट्रॉपी नेहमी वाढते' हे वाक्य एकूण एंट्रॉपीबद्दल आहे, म्हणजे प्रणाली अधिक तिचा भोवताल. नुसत्या प्रणालीची एंट्रॉपी खुशाल घटू शकते, रोज घटते.

हद्द ठरली की वायूकडे बघा. क्रियेत वायू तयार झाला किंवा वायूचे मोल वाढले, तर प्रणालीची एंट्रॉपी वाढली, असं बहुतेक वेळा डोळे झाकून लिहिता येतं. वायूतल्या रेणूला मिळणारी जागा द्रवापेक्षा इतकी मोठी असते की बाकीचे बदल तिच्यापुढे छोटे पडतात. वायूचा प्रश्न नसेल तर घन-द्रव बघा, मग रेणूंना मिळणारं आकारमान, मग तापमान. एकच पदार्थ तापवला की एंट्रॉपी वाढते, कारण वाटायला ऊर्जा जास्त आणि ती वाटण्याच्या तऱ्हाही जास्त.

घरातला पसारा वाढला की एंट्रॉपी वाढली, असं म्हणावं का?

नाही. टेबलावरची पुस्तकं विस्कटली म्हणून त्यांच्या कागदाची एंट्रॉपी बदलत नाही. पुस्तकं नीट रचलेली असोत की जमिनीवर पडलेली, त्यांच्यातल्या रेणूंच्या मांडण्या तेवढ्याच. पसाऱ्यावरून अंदाज बांधायची सवय लागली की पुढे तेल आणि पाण्याच्या प्रश्नात उत्तर नेमकं उलटं येतं. तो प्रश्न खाली आहे.

बर्फ वितळताना दोन्हीकडचा हिशेब करून दाखवाल का?

दाखवतो. एप्रिलमधली सांगली, खोलीत ३५ अंश सेल्सिअस, ताटलीत १०० ग्रॅम बर्फ. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे एकूण ३३,४०० ज्यूल.

बर्फ ही उष्णता ० अंशाला, म्हणजे २७३ केल्विनला घेतो. ३३,४०० भागिले २७३, म्हणजे त्याची एंट्रॉपी सुमारे १२२ ज्यूल प्रति केल्विनने वाढली. खोली तीच उष्णता ३०८ केल्विनला देते. ३३,४०० भागिले ३०८, म्हणजे खोलीची सुमारे १०८ ने घटली. एकूण वाढ १४. उष्णता दोघांसाठी तेवढीच, फरक भागाकाराखालच्या तापमानाचा. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडेच का वाहते, याचं पूर्ण उत्तर या भागाकारात आहे. उलट वाहिली असती तर एकूण आकडा ऋण आला असता.

खोली बरोबर ० अंशावर असती तर? दोन्ही आकडे सारखे, एकूण बदल शून्य. बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी तसेच राहिले असते.

मग फ्रीजमध्ये पाण्याचा बर्फ होतो तेव्हा नियम मोडतो का?

मोडत नाही. तेच १०० ग्रॅम पाणी उणे १८ अंशाच्या, म्हणजे २५५ केल्विनच्या कप्प्यात गोठलं असं धरा. पाण्याची एंट्रॉपी १२२ ने घटली. कप्प्यातल्या हवेला ३३,४०० ज्यूल २५५ केल्विनला मिळाले, म्हणजे तिची १३१ ने वाढली. एकूण वाढ ९. पुढे ती उष्णता कप्प्यातून बाहेर काढायला कॉम्प्रेसर वीज खातो आणि फ्रीजच्या मागची जाळी स्वयंपाकघरात त्याहून जास्त उष्णता सोडते. तिथे हात लावून बघा, गरम लागते. म्हणून दार उघडं ठेवून फ्रीजने खोली गार होत नाही.

आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घातलं तर?

समजा ८० अंशाचं १ किलो पाणी आणि २० अंशाचं १ किलो विसण. मिळून ५० अंशाचं २ किलो झालं. बादलीतून बाहेर काही गेलं नाही असं धरू.

इथे तापमान सतत बदलतं, म्हणून नुसता भागाकार चालत नाही. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले शेवटच्या आणि सुरुवातीच्या तापमानाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, असं सूत्र लागतं आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. पाण्याची विशिष्ट उष्णता प्रति किलो प्रति केल्विन ४,१८६ ज्यूल. गरम पाण्याचं तापमान ३५३ वरून ३२३ ला आलं, त्याची एंट्रॉपी सुमारे ३७२ ज्यूल प्रति केल्विनने घटली. गार पाण्याचं २९३ वरून ३२३ ला गेलं, त्याची ४०८ ने वाढली. एकूण वाढ ३६.

हे सूत्र वापरताना सेल्सिअसचे आकडे घालणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. बर्फाच्या उदाहरणात सेल्सिअस घेतलं तर शून्याने भागावं लागेल, हे लक्षात ठेवलं की ती चूक पुन्हा होत नाही.

वितळताना आणि उकळताना, दोन्हीकडे वाढतेच. जास्त कुठे?

उकळताना, आणि बरीच जास्त. पाण्यासाठी १ मोल वितळताना सुमारे २२ ज्यूल प्रति केल्विन, १ मोल उकळताना सुमारे १०९. वितळल्यावर रेणू एकमेकांना चिकटूनच असतात, फक्त सरकायला मोकळे होतात. वाफ झाल्यावर १०० अंशाला त्यांना द्रवाच्या सुमारे १,६०० पट जागा मिळते.

बऱ्याच द्रवांसाठी उकळतानाची ही वाढ मोलमागे ८५ ते ८८ च्या आसपास येते. याला ट्राउटनचा नियम म्हणतात. पाणी त्यात बसत नाही कारण द्रवरूप पाण्यात रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे द्रवाची एंट्रॉपी मुळातच कमी आणि वाफ होतानाची झेप मोठी. कापूर द्रव न होता थेट उडतो, म्हणजे घनातून सरळ वायूत. तिथेही वाढ मोठीच.

द्राक्षाचा बेदाणा होतो तेव्हा एंट्रॉपीचं काय होतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांब आहे.

तासगाव, कवठे महांकाळ पट्ट्यात साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. या द्रावणाने सालीवरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे ३ किलो पाणी हवेत जातं.

त्यातलं १ किलो पाणी घेऊ. ३० अंशाला त्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल लागतात. भागिले ३०३ केल्विन. पाण्याची एंट्रॉपी सुमारे ८ किलोज्यूल प्रति केल्विनने वाढली. पण ही उष्णता कुणी दिली? शेडमधल्या हवेने, त्याच ३० अंशाला. तिची एंट्रॉपी तेवढीच, ८ किलोज्यूल प्रति केल्विनने घटली. एकूण शून्य! मग बेदाणा वाळतो का?

वाळतो, कारण वरचा हिशेब पाणी संपृक्त, म्हणजे त्या तापमानाला मावेल तितक्या दाट, वाफेत जाईपर्यंतचाच आहे. शेडमधली हवा संपृक्त नसते. समजा सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे. तयार झालेली वाफ पसरत पसरत संपृक्त दाबाच्या ४० टक्क्यांवर येते, म्हणजे प्रत्येक रेणूला अडीच पट जागा मिळते. १ मोल वायू अडीच पट पसरला की एंट्रॉपी ८.३१४ गुणिले अडीचचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे सुमारे ७.६ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. १ किलो पाण्यात ५५.५ मोल असतात. गुणाकार केला की सुमारे ४२० ज्यूल प्रति केल्विन.

आठ हजार वर, आठ हजार खाली, आणि शिल्लक सव्वाचारशे. बेदाण्याचा सगळा धंदा या शिलकीवर चालतो. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली तर ही शिलक जेमतेम पन्नासवर येते. १०० टक्के झाली तर शून्य, आणि वाळणं थांबतं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी ढग दाटले की द्राक्ष बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच. फळ भिजलं नाही तरी दमट हवा नुकसान करते. पंखा लावल्याने हिशेब बदलत नाही, पण फळाला चिकटून राहिलेली दमट हवा हटते आणि कोरडी हवा भिडते. हवा तापवली तर ती जास्त वाफ धरू शकते, म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि शिलक वाढते.

आता यात आणखी एक पदर आहे. शेवटी शेवटी फळात पाणी कमी आणि साखर जास्त होते. साखरेत मिसळलेल्या पाण्याला मिसळण्यामुळेच जादा मांडण्या मिळालेल्या असतात, त्यामुळे बाहेर पडून मिळणारा फायदा घटतो. म्हणून पहिलं पाणी भरभर जातं आणि शेवटचं रेंगाळतं. आणि म्हणूनच तयार बेदाणा पावसाळी हवेत उघडा ठेवला तर उलट पाणी ओढून चिकट होतो. तो शीतगृहात ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

शिजवलेली हळद वाळवताना आणि माठातलं पाणी गार होताना हिशेब हाच. माठात उष्णता मुख्यतः आतलं पाणीच देतं, म्हणून ते गार होतं. सांगलीत मे महिन्यात माठ चांगला काम करतो, जुलैमध्ये नाही.

वायूचं आकारमान दुप्पट झालं तर किती वाढते?

तापमान तेच राहिलं असेल तर १ मोल आदर्श वायूची ८.३१४ गुणिले २ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. मार्ग कुठलाही असो.

या शेवटच्या तीन शब्दांवर विद्यार्थी अडखळतात. दोन प्रयोग बघा. पहिल्यात मधला पडदा फाडला आणि वायू निर्वातात पसरला. उष्णता घेतली नाही, काम केलं नाही. दुसऱ्यात वायूने पिस्टन अगदी सावकाश ढकलला आणि भोवतालाकडून उष्णता घेत तापमान टिकवलं. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे एकच आहे, म्हणून वायूच्या एंट्रॉपीतला बदलही एकच, ५.७६. फरक भोवतालात आहे. पहिल्यात भोवतालाचा बदल शून्य, म्हणून एकूण वाढ ५.७६. दुसऱ्यात भोवतालाने उष्णता दिली, त्याची एंट्रॉपी ५.७६ ने घटली, एकूण शून्य. 'उष्णता शून्य, म्हणून एंट्रॉपीतला बदल शून्य' असं पहिल्या प्रयोगाबद्दल लिहिलं की गुण गेले. उष्णता भागिले तापमान हे सूत्र प्रत्यावर्ती मार्गासाठी आहे, आणि पडदा फाडणं तसं नाही.

ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरताना हवा दाबली जाते. तिची एंट्रॉपी घटते ना?

दाबायची तऱ्हा बघावी लागेल. सावकाश दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली तर घटते. झटकन दाबली आणि उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तर जागा कमी झाल्याने घट आणि तापमान चढल्याने वाढ एकमेकांना छेद देतात. घर्षण नाही असं धरलं तर बदल शून्य. यालाच प्रत्यावर्ती ॲडियाबॅटिक म्हणतात. खऱ्या पंपात घर्षण असतं, त्यामुळे थोडी वाढच होते. पुढे टायर थंड झाला की हवेची एंट्रॉपी घटते आणि भोवतालाची वाढते.

दोन वायू मिसळले तर?

वेगळे असतील तर वाढते. सारख्या दाबा-तापमानाचे, प्रत्येकी १ मोल, सारख्या आकाराच्या दोन कप्प्यांतून मधला पडदा काढला तर ११.५ ज्यूल प्रति केल्विनने, कारण दोघांनाही दुप्पट जागा मिळाली. दोन्हीकडे नायट्रोजनच असेल तर बदल शून्य. पडदा परत लावला की पहिलीच स्थिती येते.

मीठ विरघळलं की एंट्रॉपी वाढते. मग काहीही विरघळलं की वाढते असं लिहू का?

लिहू नका. खायच्या मिठाचं बरोबर आहे: मोलमागे सुमारे ४३ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. साखरेचीही वाढते. पण कॅल्शियम क्लोराइड विरघळलं की प्रणालीची एंट्रॉपी मोलमागे ४५ च्या आसपास घटते.

कारण पाण्यात आहे. कॅल्शियम आयनावर दुहेरी भार आणि आकार लहान, त्यामुळे तो भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून एका दिशेला वळवतो. स्फटिक सुटल्याने आयनांना मिळालेल्या मांडण्यांपेक्षा पाण्याने गमावलेल्या मांडण्या जास्त भरतात. मग ते विरघळतंच का? कारण विरघळताना मोलमागे सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, भांडं चांगलं गरम लागतं. २९८ केल्विनला भोवतालाची वाढ सुमारे २७०. एकूण आकडा धन.

म्हणून आयनांचा भार एकेरी असेल तर बहुधा वाढ, दुहेरी-तिहेरी असेल तर सावध. वायू पाण्यात विरघळला, जसा बाटलीतल्या सोड्यात कार्बन डायऑक्साइड, तर एंट्रॉपी घटते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर फसफसून जे बाहेर येतं, ते याच्या उलट.

मिसळीच्या कटावर तेलाचा तवंग येतो. न मिसळता वेगळं राहण्यात एंट्रॉपी कशी जास्त?

पसाऱ्याच्या कल्पनेने बघाल तर हे कोडं सुटणार नाही. मिसळलेलं जास्त विस्कळीत दिसतं. पण हद्द आखताना पाण्याला विसरू नका.

पाण्याचे रेणू सतत एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडत आणि तोडत असतात, आणि त्यासाठी हव्या त्या दिशेला वळू शकतात. तेलाचा रेणू मध्ये आला की त्याच्याशी बंध जुळत नाही. भोवतीच्या पाण्याला बंध टिकवायचे तर काही ठरावीक दिशांनाच तोंड करावं लागतं. मांडण्या कमी झाल्या. तेलाचे रेणू विखुरले तर अशी अडलेली पाण्याची कवचं असंख्य होतात. ते एकत्र आले तर कवचाखालचं क्षेत्रफळ घटतं आणि पाणी मोकळं होतं. खोलीच्या तापमानाला हिशेबात पाण्याची बाजू भारी ठरते आणि तेल वर जमतं. पेशींचं आवरण बनण्यात आणि प्रथिनांची घडी पडण्यातही हेच तत्त्व मोठा भाग उचलतं.

चुनखडी भाजणं आणि चुन्यावर पाणी ओतणं, यांत काय होतं?

भाजताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, म्हणून मोलमागे सुमारे १६० ने वाढ. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की द्रव पाणी घनात बांधलं जातं, प्रणालीची सुमारे २६ ने घट. पण त्यातून ६५ किलोज्यूल उष्णता निघते आणि भोवतालाची एंट्रॉपी सुमारे २१९ ने वाढते.

दोन पदार्थ दिले आणि कुणाची एंट्रॉपी जास्त विचारलं, तर?

सारख्या तापमानाला आधी अवस्था बघायची. २५ अंशाला द्रव पाण्याची मोलमागे ७०, वाफेची प्रमाण दाबाला १८९. अवस्था सारखी असेल तर अणू जितके जड तितकी जास्त, कारण जड रेणूंचे ऊर्जास्तर जवळजवळ असतात आणि तेवढीच ऊर्जा जास्त तऱ्हांनी वाटता येते. हेलियम १२६, अरगॉन १५५, झेनॉन १७०. रेणूत अणू जास्त असतील तरी वाढते. घनांमध्ये कडकपणा बघा: हिऱ्याची २.४, ग्राफाइटची ५.७, दोन्ही कार्बनच. हिऱ्यात अणू इतके घट्ट बांधलेले असतात की ऊर्जा घ्यायलाच वाव कमी.

रबर ताणलं तर?

घटते. सैल रबरातल्या लांब साखळ्या असंख्य तऱ्हांनी गुंडाळलेल्या असू शकतात, ताणल्यावर थोड्याच आकारांना मुभा राहते. रुंद रबरबँड ओठाला लावून झटकन ताणा, गरम लागेल. आकारांच्या मांडण्यांत झालेली घट तापमान चढून भरून निघते. ताणलेलं रबर तापवलं तर ते आखडतं, धातूच्या तारेच्या अगदी उलट.

आयर्विन पुलावरून कृष्णेत दगड टाकला तर एंट्रॉपी बदलते का? काहीच वितळलं नाही, मिसळलं नाही.

बदलते. १ किलोचा दगड १० मीटर खाली पडला असं धरा. ९८ ज्यूल ऊर्जा शेवटी पाण्यात उष्णता होऊन मुरते. पाणी ३०० केल्विनला. वाढ ०.३३ ज्यूल प्रति केल्विन. दगडाची स्वतःची एंट्रॉपी तशीच, कारण उंचीशी तिचा संबंध नाही.

०.३३ हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागून मांडण्यांची संख्या काढा: मांडण्या ज्या पटीने वाढल्या, ती संख्या लिहायची तर तिच्यातले नुसते अंकच एकावर बावीस शून्यं इतके होतात. पाण्याने आपली उष्णता गोळा करून दगड परत पुलावर भिरकावला, तर ऊर्जेचा नियम मोडत नाही. तरी ते कधीच का होत नाही, हे या संख्येवरून कळतं.

एकूण एंट्रॉपी वाढत असेल तर क्रिया लगेच होते का?

वेगाबद्दल एंट्रॉपी काहीही सांगत नाही. साध्या दाबा-तापमानाला हिऱ्याचं ग्राफाइट होण्यात एकूण एंट्रॉपी वाढते, पण अंगठीतला हिरा पिढ्यानपिढ्या तसाच राहतो. पुढच्या मांडणीकडे जायला आधी बंध तोडावे लागतात आणि तेवढी ऊर्जा त्या तापमानाला कुणाजवळ नसते.

ऊस हवेतल्या वायूपासून साखर बनवतो. तिथे एंट्रॉपी घटते, मग?

ऊसापुरती घटते, आणि भरपूर. हद्द वाढवा. पानावर पडणारा प्रकाश सुमारे ५,८०० केल्विनच्या सूर्यपृष्ठावरून येतो. पृथ्वी तेवढीच ऊर्जा सुमारे २५५ केल्विनला अवकाशात परत सोडते, आलेल्या एका फोटॉनमागे साधारण वीस फोटॉन. त्या वाढीपुढे शिवारातल्या सगळ्या उसाच्या साखरेची घट नगण्य आहे. गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाड जळतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ पुन्हा हवेत जातात.

सरावाला काही देता का?

घ्या. सगळीकडे आधी प्रणाली कोणती ते लिहा.

थंडीत पहाटे कृष्णेवर धुकं धरतं: वाफेचे थेंब झाले, पाण्याची घटली, भोवतालच्या हवेची वाढली. काकवीत साखरेचे खडे धरतात: जे खडे धरले त्या साखरेची घटली. गरम तवा पाण्यात बुडवला: तव्याची घटली, पाण्याची वाढली, एकूण वाढली. आयोडीनचे खडे उघड्यावर ठेवले: वाढली. आणि थोडा अवघड: शेगडी बराच वेळ मोठी चालली की गॅसच्या टाकीवर बाहेरून दव धरतं. आतल्या द्रव गॅसची वाफ होते, त्याची वाढली. टाकीची आणि तिला टेकलेल्या हवेची, थंड झाल्यामुळे, घटली. त्या हवेतल्या वाफेचं पाणी झालं, तिचीही घटली. तिन्हींची बेरीज धन का येते ते आकडे न घेता दोन ओळींत लिहा. बर्फाच्या प्रश्नातला भागाकार समजला असेल तर जमेल.